एका धाग्याची साक्ष

आमच्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्राकडे कोळशाच्या वाघिणी जाताना पाहिल्या, म्हणजे मला कार्ल मार्क्सच्या एका भाकिताचे स्मरण होते. 1853 साली मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली. त्याच वर्षी, लंडनमध्ये राहून एका अमेरिकन वृत्तपत्रासाठी लिहिताना, मार्क्सने असे प्रतिपादिले की, आगगाडीच्या मागोमाग यंत्रोद्योग येईल, आणि ज्या वंशपरंपरागत श्रमविभागणीवर हिंदुस्थानातील जाती उभ्या आहेत, ती विभागणीच मोडून पडेल. हे भाकीत खरे ठरले काय?

मार्क्सचा विचार महाराष्ट्रात आणणाऱ्यांपैकी एक अग्रणी आमच्याच जिल्ह्यातले. निफाड तालुक्यातील करंजगावी जन्मलेल्या श्रीपाद अमृत डांगे यांनी 1921 साली गांधी आणि लेनिन यांची तुलना करणारी इंग्रजी पुस्तिका लिहिली. पुढे 1928 साली मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला. सुमारे दीड लाख कामगार कित्येक महिने एकजुटीने उभे राहिले. कामगार हा एक वर्ग आहे, ही शिकवण त्या संपाने प्रत्यक्षात उतरविली, हे कोणीही प्रांजळपणे मान्य करील.

परंतु त्याच गिरण्यांत एक धागा होता. विणताना धागा तुटला, की कामगार तो तोंडाने ओढून धोट्यात ओवीत असे. त्याला उष्टे लागते, म्हणून अधिक वेतनाच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांस मज्जाव असे. आणि हा मज्जाव त्यांचे सहकारी कामगारच पाळीत. डॉ. आंबेडकरांनी त्या संपाच्या वेळीच हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांनी 1936 साली ग्रंथरूपाने मांडले. यंत्र आले, पण जात यंत्रापाशीच येऊन बसली.

मग मार्क्स त्याज्य ठरतो काय? मला तसे वाटत नाही. प्राचीन भारतावरील डांगे यांच्या 1949 सालच्या ग्रंथावर दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी कठोर टीका केली, ती मार्क्सची पद्धती स्वीकारूनच. त्यांचा आग्रह पुराव्याचा होता. धुळ्याचे शरद पाटील यांनी 1978 साली सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापिला, तो वर्गाबरोबर जातीचाही विचार व्हावा म्हणून. ज्यांनी मार्क्सला तपासून पाहिले, त्यांनीच त्याला जिवंत ठेवले. ज्यांनी त्याची पोथी केली, त्यांच्या हाती पोथीच उरली.

शेवटी एक कबुली देतो. यंत्रयुगाने जाती पुसल्या जातात, असे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो. एके दिवशी मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, “गुरुजी, मग माझ्या आजोबांना गिरणीत मागावर का घेत नव्हते?” मी उत्तर न देता धडा पुढे नेला. त्या मुलाला जे उत्तर तेव्हा द्यावयास हवे होते, ते आज, फार उशिरा, आपणांपुढे दिले आहे. सिद्धान्त कितीही थोर असो, त्याची परीक्षा मागच्या बाकावरूनच होते.