मध्यंतरातलं गिऱ्हाईक

खाण्यापिण्याच्या स्टॉलकडे गिऱ्हाईक कसं वळवावं, हा विषय निघाला की बोलणं लगेच पाटीवर, रंगावर, दिव्यांवर आणि सवलतींवर जातं. मला त्याच्या आधीचा प्रश्न घ्यायचा आहे. कारण आपल्याकडच्या कितीतरी स्टॉलना गिऱ्हाईक वळवावं लागतच नाही, असं धरून चाललं जातं. नाट्यगृहाचं उपाहारगृह, रेल्वेच्या फलाटावरची गाडी, एसटीचा जेवणाचा थांबा, मल्टिप्लेक्समधला पॉपकॉर्नचा काउंटर. इथे माणूस आलेला असतो दुसऱ्याच कामासाठी. तो बाहेर जाऊ शकत नाही, वेळ थोडा असतो, भूक लागली की समोर असेल ते घेईल, अशी खात्री असते. या खात्रीवर दर ठरतात, चव ठरते आणि गल्ल्यावर बसणाऱ्याचं बोलणंसुद्धा ठरतं. माझं म्हणणं असं आहे की ही खात्री धंद्याच्या हिशेबानेही खोटी आहे. अडकलेल्या माणसापाशी एक निवड कायम शिल्लक राहते, ती म्हणजे काहीच न घेण्याची. ही निवड ज्याने ओळखली त्याच्याकडे गर्दी होते.

कर्जतचं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या परिचयाचं आहे. मुंबईहून पुण्याकडे निघालेल्या गाडीला बोर घाट चढायचा असतो. चढ 37 ला 1 असा अवघड, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं जोडतात आणि तेवढी मिनिटं गाडी थांबते. हा थांबा रेल्वेच्या गरजेतून आला, वड्यासाठी कुणी दिलेला नाही. तो फलाटावरच्या प्रत्येक विक्रेत्याला सारखाच मिळाला, आणि देशातल्या इतर जंक्शनांवर याहून लांब थांबे आहेत. तरी लोकांच्या तोंडी नाव बसलं ते दिवाडकरांच्या बटाटेवड्याचं. थांब्याने माणसं दारात आणून दिली, पण ती नेरळ सोडल्यापासून खिडकीबाहेर बघू लागली ती वड्यामुळे. या मार्गावरचा प्रवासी पुन्हा पुन्हा येणारा असतो. एकदा थंड, तेलकट वडा मिळाला असता तर पुढच्या खेपेला त्याने घरून पोळीभाजी बांधून आणली असती, आणि रेल्वेत डबा आणायला कुणाची बंदी नाही.

मल्टिप्लेक्समध्ये मात्र बंदी आहे, असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरं आहे. 2018 साली महाराष्ट्रात ही बंदी आणि आतल्या खाण्याचे दर यांवरून बराच गदारोळ झाला, मुंबई उच्च न्यायालयातही प्रकरण गेलं. पुढे जम्मू-काश्मीरमधल्या एका प्रकरणात 3 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की बाहेरचे खाद्यपदार्थ आणू न देण्याचा अधिकार चित्रपटगृहाच्या मालकाला आहे. मात्र पिण्याचं पाणी मोफत ठेवावं लागेल आणि तान्ह्या मुलांचं खाणं आणू द्यावं लागेल. त्याच सुनावणीत एक साधी गोष्ट मांडली गेली, की प्रेक्षकावर विकत घेण्याची सक्ती नाही. मालकांना हा निकाल विजयासारखा वाटला असेल. पण बाहेरचं थांबवण्याच्या अधिकारातून आतलं घेण्याची इच्छा कशी निर्माण होणार? चौघांचं कुटुंब तिकिटं काढताना पॉपकॉर्नचाही हिशेब करतं, आणि जमत नसेल तर घरून खाऊन निघतं किंवा सिनेमालाच येत नाही. काउंटरवर न आलेलं गिऱ्हाईक कुठल्याच वहीत दिसत नाही, म्हणून ते गमावल्याची जाणीवही होत नाही.

दर उतरवून धंदा वाढतो हे भाबडेपणाचं बोलणं आहे, असा आक्षेप यावर नक्की येईल. त्याला उत्तर म्हणून अमेरिकेतल्या अटलांटा शहराचं उदाहरण सांगतो. तिथे 2017 साली मर्सिडीझ-बेंझ स्टेडियम सुरू झालं. अमेरिकन स्टेडियममधलं खाणं महागाईसाठी बदनाम. तिथे खेळणाऱ्या संघाचे मालक आर्थर ब्लँक यांनी हॉट डॉग, पॉपकॉर्न आणि हवा तितक्या वेळा भरून घेता येणारं शीतपेय, प्रत्येकी 2 डॉलरला ठेवलं. जुन्या स्टेडियमच्या मानाने दर साधारण निम्मे झाले. पहिल्या हंगामाचा हिशेब झाला तेव्हा माणशी खर्च 16 टक्क्यांनी वाढलेला होता. लोक सामन्याच्या बरेच आधी येऊन आत जेवू लागले होते. यातल्या दोन गोष्टी मला दरापेक्षाही महत्त्वाच्या वाटतात. एक, किंमत करासकट आणि पूर्ण डॉलरात होती, त्यामुळे सुट्ट्यांची खडखड संपली, शिवाय खिडक्याही वाढवल्या होत्या. दुसरी, दर ठरवण्याचा अधिकार ठेकेदाराकडे न सोपवता मालकाने स्वतःकडे ठेवला होता. या दुसऱ्या गोष्टीकडे मी परत येईन.

आधी वेळेचं बघू, कारण अशा स्टॉलचा खरा शत्रू रांग असते. समजा, 900 प्रेक्षकांचं नाट्यगृह भरलेलं आहे आणि तिसरा हिस्सा लोकांना वडा-कॉफी हवी आहे. म्हणजे 300 माणसं आणि मध्यंतर पंधरा मिनिटांचं, त्यातली दोन-तीन मिनिटं बाहेर पडण्यात गेली. मिनिटाला पंचवीस माणसं झाली पाहिजेत. कूपन देणारा एक आणि वडा देणारा एक असेल तर हे होणं अशक्य. मागच्या रांगेतला माणूस घंटेकडे कान देऊन उभा राहतो आणि पहिल्या घंटेला परत फिरतो. त्याला दर परवडत होता, वासही आवडला होता, तरी तो गेला. ज्यांना हे कळतं ते फळ्यावरचे पंधरा पदार्थ पुसून चार ठेवतात. ते रंगमंच-व्यवस्थापकाकडून पहिला अंक किती वाजता संपतो ते विचारून घेतात आणि पडदा पडायच्या पाच मिनिटं आधी घाणा कढईत सोडतात. दर 18 किंवा 22 न ठेवता 20 ठेवतात, आणि मोबाइलवरून पैसे देण्याचा कोड गल्ल्यावर एकच न चिकटवता रांगेच्या कडेने तीन ठिकाणी लावतात. ही कामं फुकटात होणारी आहेत, आणि कुठल्याही रोषणाईपेक्षा त्यांनी गल्ला जास्त भरतो.

जिथे गिऱ्हाईक अजिबात अडकलेलं नसतं तिथे काय घडतं, तेही पाहण्यासारखं आहे. मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात बचत गटांच्या बायकांचे स्टॉल एकाला एक लागून असतात. कोंबडी-वडे इथे, झुणका-भाकर पलीकडे, निवड अमाप. तिथे खानदेशी मांड्यांच्या स्टॉलसमोर माणसं थांबतात, आणि थांबण्याचं कारण डोळ्यांसमोर असतं. पुरण भरलेला सैल गोळा ती बाई दोन्ही हातांवर फिरवत नेते, तो मनगटाच्या पुढे कोपरापर्यंत पसरतो, पलीकडचं दिसेल इतका पातळ होतो आणि मग चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद पडतो. कणीक ताजी आहे, हात स्वच्छ आहेत, मांडा आत्ताच होतो आहे, हे सांगायला पाटी लागत नाही. नाट्यगृहाच्या उपाहारगृहात कढई मागच्या अंधाऱ्या खोलीत असते आणि पुढे काचेच्या पेटीत सकाळचे वडे. ती कढई पुढे आणणं शक्य असेल तर जरूर आणावी, धुराची आणि सुरक्षिततेची सोय करून.

आता सर्वांत कठीण आक्षेप. कर्जतचा प्रवासी परत येतो, नाट्यरसिक परत येतो, पण महामार्गावरच्या थांब्यावर उतरणारा प्रवासी कदाचित आयुष्यात पुन्हा येणार नाही, मग त्याची मर्जी कशाला राखायची? हा आक्षेप मी मान्य करतो, आणि तोच माझा मुद्दा पुढे नेतो. बऱ्याच थांब्यांवर चालक-वाहकाला जेवण फुकट आणि चांगलं मिळतं, हे नेहमी प्रवास करणाऱ्याला ठाऊक आहे. गाडी कुठे थांबवायची हे ज्याच्या हाती, त्याच्या ताटात गरम पोळी पडते, आणि चाळीस प्रवाशांच्या ताटात जे उरेल ते. धाबेवाला इथे गिऱ्हाइकाकडे दुर्लक्ष करतो, असं म्हणणं चुकीचं ठरेल. तो आपल्या खऱ्या गिऱ्हाइकाची उत्तम बडदास्त ठेवतो. फक्त ते गिऱ्हाईक प्रवासी नसतं.

हेच सूत्र निविदेला लावून पाहा. नगरपालिका किंवा महापालिका नाट्यगृहाचं उपाहारगृह चालवायला देते तेव्हा जास्तीत जास्त भाडं बोलणाऱ्याला ठेका मिळतो. ज्या क्षणी त्याने बोली जिंकली त्या क्षणी त्याची मुख्य परीक्षा संपली. भाड्याची रक्कम चहातून वसूल करायची, म्हणून कप लहान होतो, दूध पातळ होतं आणि दर चढतो. ठेकेदार म्हणतो, भाडंच इतकं आहे, मी काय करू? त्याचं म्हणणं खोटं नाही, म्हणून त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. मल्टिप्लेक्सवाल्यांचंही असंच उत्तर असतं, की त्यांच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा खाण्यापिण्यातून येतो आणि त्याशिवाय तिकीट आणखी महागेल. पण अटलांटात हीच गाठ सोडवली गेली होती. दर मालकाने धरून ठेवले आणि चालवणाऱ्याला त्याच्या कामाचा मोबदला दिला. आपल्याकडच्या निविदेत हे करायला कायदा आड येत नाही. चहा, कॉफी, वडा आणि पोहे या चार पदार्थांचे दर आणि वजन आधी ठरवावं. ठरीव भाड्याऐवजी विक्रीतला हिस्सा घ्यावा, म्हणजे पालिकेचं उत्पन्नही गर्दीवर अवलंबून राहील. विक्री लपवली जाईल ही भीती रास्त आहे, पण पैसे बहुतेक मोबाइलवरून येऊ लागल्यापासून ती पूर्वीइतकी मोठी राहिलेली नाही, आणि रोखीसाठी छापील बिलाची सक्ती करता येते. ठेका एका वर्षाचा असावा आणि तो वाढवताना नाट्यनिर्मात्यांचा आणि प्रेक्षकांचा लेखी अभिप्राय घ्यावा. या अटी आपापल्या गावच्या नाट्यगृहाची पुढची निविदा निघण्यापूर्वी पालिकेकडे लेखी मागायला हव्यात. निविदा उघडल्यानंतर त्या घालता येत नाहीत.