आपला अभ्यास कोण करतो आणि तो कुणाच्या कामी येतो?

(पेण व रोहा तालुक्यांतल्या वाड्यांच्या शिबिरात संघटनेच्या कार्यकर्त्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाऊस सरला, नाचणी-वरी घरात आली, की आपल्या वाड्यांवर पाहुणे यायला लागतात. फॉरेस्टचे येतात, भट्टीचा मुकादम उचल घेऊन येतो, आणि कधी कधी विद्यापीठाची पोरंपोरी येतात. पाठीवर पिशवी, हातात वही. काय शिकता विचारलं तर म्हणतात, मानवशास्त्र. म्हणजे माणसं कशी राहतात, काय पिकवतात, कोणता देव पुजतात, लग्न कसं लावतात, मयत कसं करतात, याचा अभ्यास. वेगळ्या रीतीभातीची माणसं एकमेकांशी बोलतात तेव्हा कुठं समजतं नि कुठं गफलत होते, हेही आता शिकवतात.

आज आम्ही त्यावर बोलणार आहोत. कुणी म्हणेल, दावे अडकलेत आणि हे काय काढलं? पण हा दाव्याचाच विषय आहे. ऐका.

आपल्यावर लिहिणं नवं नाही. इंग्रजांच्या काळातल्या सरकारी पुस्तकांत कातकऱ्याला चोरटा म्हणून लिहून ठेवलं. तो शिक्का अजून पुसला नाही. गावात कुणाची कोंबडी हरवली तरी आधी वाडीवर बोट दाखवतात. पुढं १९३४ साली वेलिंग यांनी कातकऱ्यांवर आख्खं पुस्तक लिहिलं. १९६० साली ल. ना. चापेकरांचं सह्याद्रीतल्या ठाकरांवरचं पुस्तक आलं. दोन्ही इंग्रजीत. आपल्या किती वाड्यांत ती कुणी वाचून दाखवली?

मुंबई विद्यापीठातले मोठे प्राध्यापक गो. स. घुर्ये यांनी १९४३ साली लिहिलं की आदिवासी म्हणजे मागासलेले हिंदू. व्हेरियर एल्विन म्हणत होते, आदिवासींना त्यांच्या जंगलात त्यांच्या रीतीनं राहू द्या. दोघं विद्वान, भांडण आपल्यावरून. आपण कोण, हे ठरवायला आपल्याला कुणी बोलावलं नाही.

हे नुसतं पुस्तकात राहत नाही. १९९४ साली सुप्रीम कोर्टानं महादेव कोळी दाखल्याच्या एका खटल्यात जात पडताळणीची पद्धत घालून दिली. जमातीचे देव, चालीरीती, लग्न-मयताचे विधी तपासायचे, असं त्यात आहे. म्हणजे ठाकराच्या पोरीला दाखला हवा, तर तिनं सांगितलेलं पुस्तकातल्याशी जुळतं का, हेही तपासलं जाऊ शकतं. आता लग्नात बँड आला, हळदीला डीजे आला. माणसं बदलली, पण तपासणाऱ्याच्या टेबलावरचं पुस्तक जुनंच आहे.

आता जमिनीकडं येऊ. वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम २००८ चे. दाव्याला निदान दोन पुरावे लागतात. कोणते चालतात ते नियम १३ मध्ये दिलंय. दावेदार सोडून इतर म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब चालतो. घर, झोपडी, बांध अशा खुणा चालतात. आणि त्याच नियमात लिहिलंय की जंगलावरचे हक्क आणि रूढी दाखवणारा नामांकित संस्थांचा अभ्यासही पुरावा म्हणून चालतो. म्हणजे ज्या वहीकडं आपण आजवर गंमत म्हणून बघत होतो, ती वही दाव्याच्या फाइलीत जाऊ शकते. आपल्या बाजूनं जाऊ शकते, तशी आपल्यावर उलटूही शकते.

उलटते कशी? दिवाळी झाली की आपली कुटुंबं वीटभट्टीला, कोळसाभट्टीला जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. विद्यार्थ्यांना सुट्टी कधी? एप्रिल-मे मध्ये. तो येतो तेव्हा निम्म्या घरांना कूड लावलेला. तो लिहितो, 'वाडी ओसाड, लोक भटके, शेती नाही.' अशी टिपणं आम्ही पाहिली आहेत. तेच कुणी समितीपुढं ठेवलं, तर साहेब म्हणणार, कब्जाच नाही, दावा फेटाळा.

दुसरी गफलत. तो विचारतो, 'जमीन कुणाची?' आपला म्हातारा सांगतो, 'फॉरेस्टची.' म्हाताऱ्याच्या मनात असतं की कागद फॉरेस्टचा, कसतोय आपण, बापाच्या आधीपासून. वहीत पडतं 'अतिक्रमण'. दळीचंही तेच. दळी इंग्रजांच्या काळात कसायला मिळाली, कागदावर नाव नायकाचं, कसणारी घरं अनेक. पोरगा एकच नाव लिहून जातो.

तिसरी. तो विचारतो, 'किती एकर?' बाई सांगते, 'दोन पायली बी पडतं.' त्याला ते कळत नाही, तो रकाना रिकामा सोडतो. रिकाम्या रकान्याचा अर्थ पुढं 'भूमिहीन' होतो.

यात पोराची नियत वाईट असतेच असं नाही. पण त्याच्या शास्त्राचाच एक नियम आहे. मालिनोव्स्की नावाचा अभ्यासक पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रियांड बेटांवर लोकांत राहिला, त्यांची भाषा शिकला. तेव्हापासून या शास्त्रात मानतात की लोकांत दीर्घ काळ राहावं, त्यांच्या भाषेत बोलावं, मग लिहावं. आठ दिवसांत आणि हिंदीत विचारून वाडी कळत नाही. राब भाजतात तेव्हा यावं, आषाढात लावणीला यावं, नाचणी कापताना यावं. हे आपण हक्कानं सांगायचं.

आणि चांगला अभ्यास होतो, हेही सांगितलं पाहिजे. इरावती कर्वे शिकायला जर्मनीत बर्लिनला गेल्या होत्या. त्यांचे गुरू ऑयगेन फिशर मानत की गोऱ्यांच्या कवटीची ठेवण वेगळी, म्हणून त्यांची अक्कल जास्त. त्यांनी बाईंना ते तपासायला दिलं. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं की वंशाप्रमाणं असा फरक सापडत नाही. गुरूला नको असलेलं उत्तर त्यांनी दिलं. पुढं त्यांनी पुण्यात डेक्कन कॉलेजात हेच शास्त्र शिकवलं. वाडीवर येणाऱ्या पोरापोरींनी त्यांच्यासारखं, दिसलं तेच लिहावं.

म्हणून आमचं म्हणणं असं. वाडीवर पाहुणा आला तर हाकलू नका, भाकरी घाला. पण वही उघडण्याआधी वाडीच्या सभेत बसवा आणि पुढच्या गोष्टी ठरवा.

एक. नाव, विद्यापीठ, कशासाठी लिहिताय, पैसा कुणाचा, हे सभेत सांगावं.

दोन. जमीन बघायची तर आपल्या माणसाबरोबर शिवारात फिरून बघावी. बांध, जुनी झाडं, देवाची जागा, थडगी, पाण्याची जागा, सगळं नावानिशी लिहावं. किती पिढ्या कसतोय तेही.

तीन. भट्टीला गेलेल्यांना 'भटके' लिहू नये. कधी गेले, कधी परत येतात, मागं शेत कुणाचं, ते लिहावं.

चार. औषधाची झाडपाला-मुळी विचारली तर सभेला विचारल्याशिवाय सांगू नका. आपल्या पारंपरिक ज्ञानावर आपला सामूहिक हक्क आहे, तो याच कायद्याच्या कलम ३ मध्ये लिहिलाय.

पाच. लिहिलेलं मराठीत वाचून दाखवावं. चुकलं तर तिथंच दुरुस्त करावं. पुरं झालं की विद्यापीठाच्या सही-शिक्क्याची एक प्रत वाडीच्या वनहक्क समितीकडं द्यावी.

उंदीर खाता का, असं हसत हसत विचारणाऱ्याला मात्र सरळ सांगा, आधी नीट बस, मग विचार.

शेवटचं बोलणं पोरापोरींसाठी. बारावी झालेली आपली मुलं आता आहेत. कुणी धाटावच्या कारखान्यात कंत्राटावर लागतं, कुणी पेणला गणपतीच्या कारखान्यात. त्यातल्या दोघांनी तरी हे शास्त्र शिकावं, असं आम्हाला वाटतं. ठाकरी आणि कातवडी बोलणाऱ्याला पायलीचा रकाना भरता येतो. म्हातारा 'फॉरेस्टची' म्हणाला तर त्याचा अर्थ त्याला फोडून सांगावा लागत नाही.

तोवर वाट बघत बसायचं नाही. प्रत्येक वाडीनं या पंधरवड्यात एक वही करावी. साठीच्या वरच्या माणसांना बसवा, शिकलेल्या पोरीला लिहायला सांगा. कोणतं शेत, कुणी फोडलं, कुठला दुष्काळ, कुठली साथ आठवते, ते सगळं. खाली सह्या, अंगठे, तारीख. पुढच्या बैठकीला वही घेऊन या. म्हातारी माणसं थांबणार नाहीत.

जिंदाबाद!