ऑक्सिडेंटलचं कूळ कोणतं?

एस्टोनियातल्या तालिन शहरात शिक्षक असलेल्या एडगर दे वाल यांनी १९२२ साली ऑक्सिडेंटल ही स्वतः घडवलेली भाषा जाहीर केली. पुढे १९४९मध्ये तिचं नाव इंटरलिंग्वे झालं. वाचायला ती थेट इटालियन-फ्रेंचच्या घरातली वाटते. पण मधूनच पुरुषासाठी ‘मान’, लगेच या अर्थी ‘स्ट्राक्स’ असे जर्मानिक, म्हणजे जर्मनच्या कुळातले शब्द भेटतात. मग हिला रोमान्स, म्हणजे लॅटिनच्या वंशातली म्हणायचं की जर्मानिक?

शब्द मोजून हा निवाडा होत नाही. इंग्रजीतले निम्म्याहून अधिक शब्द फ्रेंच-लॅटिनमधून आले, तरी ती जर्मानिकच. कारण तिची सर्वनामं, ‘सिंग, सँग, संग’सारखी क्रियापदं त्याच कुळातून वारशानं आली आहेत. उलट, फ्रेंचमधला युद्धासाठीचा ‘गेर’ हा शब्द फ्रँक लोकांच्या जर्मानिक बोलीतला, पण फ्रेंच मात्र लॅटिनचीच लेक.

ऑक्सिडेंटल मात्र पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडी बदलत आलेली नाही. जिथे वंशच नाही, तिथे कूळ कसलं लावायचं? म्हणून अभ्यासक तिला नैसर्गिक भाषांमधून शब्द आणि प्रत्यय घेऊन रचलेली साहाय्यक भाषा, म्हणजे वेगवेगळ्या भाषकांमधल्या संवादासाठीची भाषा म्हणतात. ‘रोमान्स वळणाची’ हे विशेषण फार तर या वर्णनाला जोडावं. मला तरी तेवढंच पटतं.