खाडीच्या चिखलावरील रोहित

मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरील खारदांड्याच्या कोळीवाड्यालगत ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या खडकांतून मासे टिपणाऱ्या बगळ्यांहून कितीतरी उंच आणि विलक्षण असा एक पाणथळीतील पक्षी याच मुंबईच्या पूर्व अंगास, ठाण्याच्या खाडीत, दरसाल हिवाळ्यात उतरतो आणि त्याची संख्या अलीकडे लाखाच्याही वर गेलेली आहे. हा पक्षी म्हणजे रोहित, अर्थात फ्लेमिंगो.

त्याच्या मोठा व लहान अशा दोन्ही जाती येथे येतात. पैकी लहान रोहिताचे सर्वांत मोठे मेळे केनिया-टांझानियातील क्षारयुक्त सरोवरांवर जमतात. आपल्या देशात या पक्ष्यांची वीण कच्छच्या रणात होते, आणि तेथे चिखलाचा उंचवटा रचून मादी त्यावर बहुधा एकच अंडे घालते. मध्येच खाली वाकलेली चोच पाण्यात उलटी धरून, जिभेने पाणी आत ओढीत व बाहेर लोटीत, लहान रोहित चोचीच्या कडेवरील सूक्ष्म पट्टिकांतून शैवाल गाळून घेतो, आणि त्या शैवालातील रंगद्रव्यानेच त्याच्या पिसांना गुलाबी छटा चढते.

खारदांड्यास उघड्या समुद्राच्या लाटा असे शैवाल धरू देत नाहीत. उलट खाडीच्या शांत पाण्यात तिवरांच्या आश्रयाने मऊ गाळ साचतो आणि तोच रोहितांचे कुरण बनतो. तिवरांच्या मुळांशी मासळीची पिल्लेही वाढतात, हे कोळी बांधवांना कोणी सांगावयास नको. तथापि महसुली दप्तरात खाजण म्हणून नोंदलेली ही तिवरांची जमीन म्हणजे भरणी घालण्याजोगी पडीक जागा, हा समज अद्याप पुरता मावळलेला नाही.

सरकारने २०१५ साली खाडीचा मोठा भाग अभयारण्य म्हणून जाहीर केला आणि २०२२ साली त्यास आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर स्थळाचा दर्जा लाभला, ही समाधानाची बाब होय. परंतु भरतीने चिखल बुडाला की हे थवे विसाव्यासाठी नवी मुंबईतील नेरूळ-सीवूड्सकडच्या ज्या तळ्यांकडे वळतात, ती अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. चरण्याचे स्थान राखून विसाव्याचे स्थान गमावले, तर पक्षी त्या खाडीत टिकणार कसा? म्हणून या तळ्यांना कायद्याचे पूर्ण संरक्षण मिळवून देणे, त्यांत भरतीचे पाणी खेळते राखणे आणि खाजणावरील भरणीस वेळीच हरकत नोंदविणे, हे मुंबईच्या दोन्ही किनाऱ्यांवरील नागरिकांचे समान कर्तव्य आहे.