आयन एकटा घडत नाही



आयन कसा तयार होतो, याचे शाळेत पाठ झालेले उत्तर असे: सोडियमच्या बाह्यतम कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो, क्लोरीनला एक कमी पडत असतो, सोडियम आपला देऊन टाकतो, क्लोरीन घेतो आणि दोघांचेही अष्टक पूर्ण होते. प्रभारांचा हिशेब यात चोख आहे. सोडियमच्या केंद्रकातले 11 प्रोटॉन तसेच राहतात, इलेक्ट्रॉन 10 उरतात, म्हणून एक धनप्रभार शिल्लक राहतो. खटकतो तो ‘देऊन टाकतो’ मधला उदारपणा. एक मोल सोडियम अणूंमधून प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन ओढून काढायला 496 किलोज्यूल ऊर्जा लागते. तेवढे इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या अणूंनी स्वीकारले, की 349 किलोज्यूल परत मिळतात. व्यवहार 147 किलोज्यूलने तोट्यातच राहिला. तो फायद्यात येतो, विरुद्ध प्रभारांचे आयन मिठाच्या स्फटिकात शेजारी शेजारी रचले जातात तेव्हा, कारण त्या रचनेतून सुमारे 787 किलोज्यूल मोकळे होतात. म्हणून माझे म्हणणे असे, की आयन घडतो आणि टिकतो तो त्याच्या परिसरामुळे.

याचा भक्कम पुरावा जपानमध्ये घडलेल्या बॅटरीत आहे, आणि ती बॅटरी आज आपल्या मोबाइलमध्ये आहे. लिथियम धातू वापरून पुन्हा चार्ज होणारी बॅटरी करण्याचे प्रयत्न आधी झाले होते. चार्ज करताना लिथियमचे आयन इलेक्ट्रॉन घेऊन पुन्हा धातू बनत, तो धातू सुयांसारखा वाढे, आत शॉर्टसर्किट होई आणि आग लागे. असाही कासेई कंपनीतील अकिरा योशिनो यांनी 1985 साली लिथियम धातूलाच रजा दिली. एका बाजूला त्यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइड घेतले. हे द्रव्य ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांच्या गटाने 1980 साली पुढे आणले होते आणि त्या कामात कोइची मिझुशिमा हे जपानी संशोधक होते. दुसऱ्या बाजूला योशिनोंनी कार्बन ठेवला. चार्ज करताना इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेने कार्बनकडे जातात आणि लिथियमचे आयन आतल्या द्रावातून येऊन कार्बनच्या थरांत शिरतात. बॅटरी वापरताना दोघेही उलट फिरतात. इलेक्ट्रॉनांची देवघेव मुख्यतः कोबाल्ट ऑक्साइड आणि कार्बन करतात, लिथियम या फेऱ्यांत आयनच राहतो. 1991 साली सोनीने अशी बॅटरी बाजारात आणली, आणि 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल योशिनो, गुडइनफ व स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांना मिळाले.

यावर कोणी म्हणेल, लिथियम मुळातच इलेक्ट्रॉन सहज सोडणारा. परिसराला श्रेय कशाला? पण एकट्या अणूचा विचार केला तर लिथियमला 520 किलोज्यूल लागतात, म्हणजे सोडियमपेक्षा जास्त. पाण्यात मात्र लिथियमचे प्रमाण विभव उणे 3.04 व्होल्ट आणि सोडियमचे उणे 2.71, तिथे लिथियमच पुढे. त्याचा आयन लहान असल्याने पाण्याचे रेणू त्याला अधिक घट्ट धरतात आणि अधिक ऊर्जा मोकळी होते. परिसर बदलला, क्रम उलटला. दुसरा आक्षेप असा, की वातावरणाच्या वरच्या विरळ थरात आयन सुटेच असतात. खरे आहे, पण तिथे सूर्याचे अतिनील किरण ऊर्जा पुरवतात, आणि रात्री तो पुरवठा थांबला की बरेच आयन इलेक्ट्रॉनांशी पुन्हा जुळतात.

मग अष्टकाचा नियम टाकून द्यायचा का? मुळीच नाही. सोडियमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला आणखी 4562 किलोज्यूल लागतात, आणि एवढी ऊर्जा मिठाच्या स्फटिकातून परत मिळणे शक्य नाही; म्हणून सोडियम एकावरच थांबतो. अणूची रचना किंमत ठरवते, ती चुकती होते परिसराकडून. पहिल्या धड्यात अष्टकाच्या आकृतीशेजारी 496, 349 आणि 787 हे तीन आकडे छापले, तर विद्यार्थ्याला नियमासोबत त्याचे कारणही कळेल.