पेडल की दांडी? ट्रॅक्टर घेण्यापूर्वी

१९६७ साली अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टरने ‘६५६ हायड्रो’ हा ट्रॅक्टर आणला. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेण्याचे काम त्यात गिअरऐवजी दाबाखालचे तेल करत होते.

हीच हायड्रोस्टॅटिक पद्धत. पंपातली तबकडी जितकी तिरकी होते, तितके जास्त तेल मोटरकडे जाते आणि वेग वाढतो. ती उलट कलली की ट्रॅक्टर मागे येतो. हे सगळे पायाखालच्या पेडलवर, क्लच न दाबता. लोडरने शेणखत भरताना मिनिटामिनिटाला पुढे-मागे करावे लागते, तिथे हे फार मोठे सुख आहे.

मात्र तेल तापते आणि ताकदीचा काही भाग त्या उष्णतेत वाया जातो. नांगर जमिनीत खोल गेला की हा तोटा लगेच जाणवतो.

दुसरा पर्याय गिअरच्या ट्रॅक्टरमधल्या शटलचा, म्हणजे पुढे-मागे जाण्याच्या दांडीचा. शटलमध्ये गिअर तोच राहतो, दिशा तेवढी बदलते. साध्या सिंक्रो शटलला क्लच दाबून दांडी हलवायची, बस्स. द्राक्षबागेत ओळीच्या टोकाला ट्रॅक्टर वळवताना एवढी सोय पुरते, आणि नांगरणी-रोटाव्हेटरला गिअरच भरवशाचे.

महिंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये केपटाऊनला ‘ओजा’ मालिका सादर केली. भारतात तिला बारा पुढचे, बारा मागचे गिअर आणि शटल आहे. अमेरिकेत हायड्रोस्टॅटिकही मिळतो. तिथे घराभोवतीचे गवत कापणारे गिऱ्हाईक मोठे आहे.

खरेदीच्या वेळी इंजिनाच्या एचपीवर भुलू नये. पीटीओला, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या शाफ्टला, किती एचपी मिळते, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. हायड्रोस्टॅटिक घेतलाच, तर तेल आणि फिल्टर ठरल्या तासांना बदलण्याचा खर्चही आधीच हिशोबात धरावा.