पाडलेल्या चौकातला सिटी हॉल



स्वागत समितीच्या आणि आम्हा बॉस्टनकर मराठी मंडळींच्या वतीने मी या परिषदेला आलेल्या वास्तुविशारद व नगररचनाकार बंधू-भगिनींचे मनःपूर्वक स्वागत करतो. नागरी पुनर्विकासाने काय मिळाले आणि काय गमावले, हे या शहरात एकाच चौकात पाहायला मिळते.

आजच्या सिटी हॉल प्लाझाच्या जागी पूर्वी स्कॉले स्क्वेअर होता. नाट्यगृहे, दुकाने, मद्यालये यांनी गजबजलेला हा भाग बकाल ठरवून १९६०च्या दशकाच्या आरंभी जमीनदोस्त करण्यात आला. वास्तुविशारद आय. एम. पे यांच्या आराखड्यानुसार तिथे गव्हर्नमेंट सेंटर हे सरकारी कार्यालयांचे संकुल आले. त्यातल्या सिटी हॉलसाठी १९६२मध्ये झालेल्या स्पर्धेतल्या २५६ प्रवेशिकांमधून कालमन आणि मॅकिनेल यांची रचना निवडली गेली व १९६८मध्ये इमारत पूर्ण झाली.

उद्या ती आपण पाहणारच आहोत. नागरिकांचा नित्य राबता असलेली खाती खालच्या विटांच्या भागात आहेत. मधल्या मजल्यांवर काँक्रीटचे मोठे भाग भिंतीबाहेर झेपावतात. महापौरांचे दालन आणि नगर परिषदेचे सभागृह कुठे आहे, हे रस्त्यावरूनच कळावे हा त्यामागचा हेतू. सर्वांत वर कचेऱ्यांच्या एकसारख्या खिडक्यांच्या ओळी. लोकशाहीचा कारभार इथे बांधकामातूनच मांडला आहे.

तरीही अनेकांना ती रुक्ष वाटली. २००६मध्ये महापौर मेनिनो यांनी ती विकण्याचा प्रस्तावही मांडला. इमारत मात्र टिकली. भोवतीच्या उघड्याबोडक्या, पायऱ्यांच्या पटांगणाचे नूतनीकरण २०२२मध्ये पूर्ण झाले. आता तिथे चाकाची खुर्चीही जाईल असा उतार आहे, झाडे आहेत, मुलांना खेळायला जागा आहे. जानेवारी २०२५मध्ये इमारतीला शहराच्या संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला.

माझ्या मते तो मान रास्तच आहे. पण इमारत जपली म्हणून उठवलेल्या चौकाचा हिशेब मिटत नाही. पटांगण दुरुस्त करता आले. स्कॉले स्क्वेअर परत आणता आला नाही.

मुंबई-पुण्याहून आलेल्या मित्रांसमोर आज चाळींच्या आणि जुन्या वाड्यांच्या पुनर्विकासाचे नकाशे आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे : नकाशावर रेघ ओढण्याआधी तिथल्या रहिवाशांशी आणि दुकानदारांशी बोला, आणि त्यांचे म्हणणे आराखड्यात उतरवा. या परिषदेतून एवढे साधले, तरी आमचे यजमानपद सार्थकी लागेल.